हात दुखतोय असं मूल आपणहून सांगणार नाही

(न्यू जर्सीतल्या मराठी पालक-प्रशिक्षकांपुढे बेसबॉलचा सीझन सुरू होण्याआधी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

इथे बसलेल्या बहुतेकांनी लहानपणी हातात धरली ती क्रिकेटची बॅट. बेसबॉल आपल्याला मुलांमुळे कळला. मुलानं टी-बॉलला, म्हणजे खांबावर ठेवलेला चेंडू मारायच्या छोट्यांच्या बेसबॉलला, जायचा हट्ट धरला, आपण नाव घातलं, आणि पहिल्याच मीटिंगला कुणीतरी म्हणालं की कोच कमी पडताहेत. आपण हात वर केला. १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टमध्ये लिटल लीग ही मुलांची बेसबॉल लीग सुरू झाली, तेव्हापासून ती अशा हात वर करणाऱ्या आईबापांच्याच जिवावर चालली आहे. त्यामुळे आपण कुठले खरे कोच, असं मनात आणू नका. त्या दोन तासांत मैदानावरच्या सगळ्या मुलांची जबाबदारी तुमची असते आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिथे दुसरं कुणी नसतं.

मी मुलांच्या हाडांची डॉक्टर आहे. मे महिना उजाडला की माझ्याकडे कोपर धरून मुलं यायला लागतात. म्हणून सुरुवात कोपरापासून करते. रक्त येतं, सूज येते, मूल रडतं तेव्हा मदतीला सगळेच धावतात. पण बेसबॉलमध्ये सर्वांत जास्त नुकसान ज्या दुखापतीनं होतं, ती झालेली कुणालाच दिसत नाही.

क्रिकेटच्या बोलिंगमध्ये हात सरळ फिरतो आणि जास्त भार पाठीवर येतो. पिचिंगमध्ये, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकताना, कोपर वाकलेलं असतं. हात मागे जातो आणि झपकन पुढे येतो. त्या क्षणी कोपराची आतली बाजू ताणली जाते आणि बाहेरची दाबली जाते. मोठ्या माणसात हा ताण आतल्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा, झेलतं. ते तुटलं तर काय करायचं याचं उत्तर १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी लॉस एंजेलिसमध्ये टॉमी जॉन या पिचरवर शस्त्रक्रिया करून शोधलं. ते ऑपरेशन आज त्या खेळाडूच्याच नावानं ओळखलं जातं. मुलांचं मात्र वेगळं असतं. हाडाच्या टोकाशी अजून कूर्चा असते, तिला आपण ग्रोथ प्लेट म्हणतो. नुकताच ओतलेला स्लॅब वरून घट्ट दिसतो पण भार घेत नाही, तसंच हे हाड. लिगामेंट टिकतं आणि ग्रोथ प्लेट उघडायला लागते. खांद्यातही हेच होतं. एका फेकीनं काही होत नाही. शंभर फेकींनंतरही कदाचित होणार नाही. पण विश्रांती न देता आठवड्यामागून आठवडे फेकत राहिलं की होतं.

म्हणून मोजायचं. लिटल लीगनं २००७ च्या सीझनपासून इनिंगऐवजी पिच, म्हणजे बॅटरकडे फेकलेला एकेक चेंडू, मोजायला सुरुवात केली, तो फार शहाणपणाचा निर्णय होता. सात-आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला ५० पिच, नऊ-दहाच्या मुलाला ७५, अकरा-बाराच्या मुलाला ८५, तेरा ते सोळा वर्षांच्या मुलाला ९५. चौदा वर्षांपर्यंत, वीसच्या वर गेलात की एक दिवस सुट्टी, ३६ पासून दोन दिवस, ५१ पासून तीन, ६६ पासून चार. हे आकडे पाठ करू नका, क्लिपबोर्डला चिकटवून ठेवा. कॅचरचा, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याचा, नियम मात्र ध्यानात ठेवा, कारण तोच सर्वांत जास्त मोडला जातो. ज्या मुलानं ४१ किंवा त्याहून जास्त पिच टाकले, त्याला त्या दिवशी कॅचर करायचं नाही. चार इनिंग कॅचिंग केलेल्या मुलाला त्या दिवशी पिच करायला पाठवायचं नाही. कॅचर प्रत्येक चेंडू पिचरला परत फेकतो, आणि तो कुठल्याच मोजणीत धरला जात नाही.

आता खरी अडचण. ही मोजणी टीमची नाही, मुलाच्या हाताची आहे. शनिवारी तुमच्याकडे साठ पिच टाकलेला मुलगा रविवारी ट्रॅव्हल टीमकडून, म्हणजे गावोगावी जाऊन खेळणाऱ्या दुसऱ्या टीमकडून, खेळतो आणि बुधवारी त्याचे बाबा त्याला पैसे भरून पिचिंगच्या क्लासला नेतात. तिघेही कोच आपापल्या वहीप्रमाणे नियमात असतात. त्यामुळे सीझनच्या पहिल्या दिवशी पालकांना विचारा: हा अजून कुठे-कुठे फेकतो? उत्तर ऐकून अंगावर काटा येईल. ‘पिच स्मार्ट’ ही मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की मुलाच्या हाताला वर्षातून निदान चार महिने फेकण्यापासून सुट्टी हवी, आणि त्यातले दोन-तीन महिने सलग. त्या काळात पोहू दे, फुटबॉल खेळू दे, नुसतं हुंदडू दे. वर्षभर एकच खेळ खेळला की मूल पुढे जातं, हा आपल्या मध्यमवर्गीय घरांमधला फार जुना गैरसमज आहे. अभ्यासातून तो खेळाच्या मैदानावर आलाय.

अलाबामातल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी शस्त्रक्रिया करावी लागलेल्या तरुण पिचरांची तुलना निरोगी पिचरांशी केली. हात थकलेला असतानाही नेहमी फेकत राहणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पट दिसली. तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात वर्षाला शंभराहून जास्त इनिंग टाकणाऱ्या मुलांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट आढळला. कर्व्हबॉल, म्हणजे हवेत वळणारा चेंडू, कितव्या वर्षी शिकवायचा यावर पालक तावातावानं भांडतात. माझं मत विचाराल तर आधी थकवा ओळखायला शिका, कर्व्हबॉलचं नंतर बघू.

थकवा कसा दिसतो? चेंडू वर-वर जायला लागतात. कोपर खांद्याच्या खाली येतं. दोन पिचमधला वेळ वाढतो. मूल माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, उभ्या-उभ्या हात झटकतं, ग्लव्ह घातलेल्या हातानं कोपर चाचपतं. अशा वेळी माउंडवर जाऊन “ठीक आहेस ना?” विचारलंत तर उत्तर “हो” असंच येणार. टीम जिंकतेय, आजी-आजोबा भारतातून आलेत, खुर्च्या टाकून बसलेत. कोण नाही म्हणेल? त्याऐवजी म्हणा, “कुठे दुखतंय, बोटानं दाखव.” मूल न बोलता कोपराच्या आतल्या बाजूचा तो हाडाचा उंचवटा दाखवतं. बोट तिथे गेलं की त्या दिवसाचं पिचिंग संपलं. पिचिंगच नव्हे, फेकणंच संपलं. त्याला शॉर्टस्टॉपला किंवा दुसऱ्या कुठल्या फिल्डिंगच्या जागी उभा करायचा नाही. सामन्याआधी आयबुप्रोफेन देऊन तर कधीच खेळवू नका. वेदना तुम्हाला काही सांगू पाहतेय, आणि आपण तिचं तोंड दाबतोय. “थोडं सहन कर, बाळा” हे वाक्य आपण सगळे ऐकत मोठे झालो. मैदानावर ते वाक्य वापरू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आता ज्या दुखापतीत मिनिटं मोजावी लागतात, तिच्याकडे वळते.

बॅटर उभा आहे. चेंडू छातीवर लागतो. फार वेगवान असावा लागतो असंही नाही, ताशी चाळीस मैलांच्या आसपासचाही पुरतो. मूल एक-दोन पावलं टाकतं आणि कोसळतं. बरगडी मोडलेली नसते, हृदयाचा आजार नसतो. ठोक्यांच्या मधल्या एका अतिसूक्ष्म क्षणी मार बसल्यानं हृदयाची विद्युत लय विस्कटलेली असते. याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. हे क्वचितच घडतं, पण घडतं ते बहुतेक मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये, कारण त्यांच्या छातीचा पिंजरा लवचीक असतो. आणि बेसबॉलमध्ये त्याच्या बऱ्याच नोंदी आहेत. जानेवारी २०२३ मध्ये बफेलो बिल्स या अमेरिकन फुटबॉल टीमचा डमार हॅमलिन भर सामन्यात पडला, ते आपण टीव्हीवर पाहिलंय. तो वाचला, कारण मैदानावरच्या माणसांनी लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, सुरू केला आणि डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, वापरला.

तुमच्याकडे तसा ताफा नसेल. तुमच्याकडे तुमचे दोन हात असतील. मूल हाक मारून उठत नाही आणि नीट श्वास घेत नाही, एवढं दिसलं की पुरे. अधूनमधून आचके दिल्यासारखा श्वास येतो, त्याला श्वास समजू नका. नाडी शोधत बसू नका. “वारा घाला, पाणी मारा” तर अजिबात नको. एकाकडे बोट दाखवून सांगा, “तू ९११ लाव.” दुसऱ्याला सांगा, “तू एईडी आण.” (एईडी म्हणजे तेच झटका देणारं यंत्र, सामान्य माणसालाही वापरता येईल असं.) तिसऱ्याला फाटकाशी पाठवा. “कुणीतरी फोन करा” असं ओरडलात तर कुणीच करत नाही. आणि तुम्ही छातीच्या मधोमध दाबायला लागा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण दोन इंच खोल, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. एईडी आला की चालू करा, तो बोलून सांगतो. गरज नसेल तर तो झटका देतच नाही, म्हणून घाबरायचं कारण नाही. सीपीआर नसेल तर झटक्याविना जाणाऱ्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते.

आपल्या राज्यात जॅनेट्स लॉ नावाचा कायदा आहे, शाळांमध्ये एईडी ठेवणं त्यानं बंधनकारक केलंय. पण तुमचा सामना शनिवारी सकाळी शाळेमागच्या मैदानावर असतो. तुमच्या डगआउटपासून, म्हणजे मुलं बसतात त्या शेडपासून, ते यंत्र किती लांब आहे? मधलं दार उघडं असतं का? पहिल्या प्रॅक्टिसला एका मोठ्या मुलाला घड्याळ लावून ते आणायला पळवा. तीन मिनिटांत यंत्र आलं नाही, तर लीगच्या मीटिंगमध्ये उभं राहून मैदानाशेजारी एईडी मागा, आणि मिळेपर्यंत मागत राहा. मैदानाचा पत्ताही पाठ हवा. बऱ्याच पार्कांना तीन-तीन प्रवेशद्वारं असतात आणि ॲम्ब्युलन्स चुकीच्या दारात जाते.

यातलं थोडं टाळताही येतं. लहान मुलांना मऊ सेफ्टी बॉल वापरा. अंगावर येणारा चेंडू छातीवर झेलायचा नाही, कॅचरच्या बाजूला वळून पाठ द्यायची, हे बॅटरला टेनिस बॉलनं शिकवा. वीस वेळा केलं की अंगवळणी पडतं. कॅचरला कमोशिओ कॉर्डिससाठीच्या मानकात बसणारा छातीचा पॅड द्या, पण त्यामुळे धोका शून्य होतो असं समजू नका.

डोक्याला मार लागला तर शुद्ध हरपलीच पाहिजे असं नाही. मूल गोंधळलेलं दिसतं, स्कोअर विसरतं, तोच प्रश्न पुन्हा विचारतं, उजेड नको म्हणतं, तर त्याला त्या दिवशी परत खेळवायचं नाही आणि डॉक्टरांनी लेखी सांगेपर्यंत पुढेही नाही. २००६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेड या तेरा वर्षांच्या अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला डोक्याला मार बसला आणि तो त्याच सामन्यात पुन्हा उतरला. त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. २००९ मध्ये त्याच्या नावानं कायदा झाला आणि पुढे सगळ्या राज्यांनी तसे कायदे केले. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, यातलं काहीही असेल तर ९११. मूल काही काळ बरं वाटून मग ढासळू शकतं, म्हणून त्याच्याशेजारी एक मोठं माणूस बसवा.

आणि हेल्मेट कोचलाही घालता येतं. २००७ मध्ये टल्सा ड्रिलर्स या टीमचा, फर्स्ट बेसजवळ उभा असलेला कोच माइक कूलबॉ बॅटरनं मारलेला चेंडू लागून मरण पावला, त्यानंतर व्यावसायिक बेसबॉलमध्ये बेस कोचना हेल्मेट सक्तीचं झालं. बॅटबद्दल एवढंच सांगते की बारा वर्षांपर्यंतच्या लिटल लीगमध्ये ऑन-डेक बॅटर, म्हणजे पुढच्या पाळीसाठी बॅट घेऊन बाजूला थांबलेला खेळाडू, नसतो, याला कारण आहे. ज्याची पाळी नाही त्याच्या हातात बॅट नको.

बाकीचं भराभर सांगते. घोळणा फुटला तर डोकं मागे करायला लावू नका, रक्त घशात जातं. पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरा, मध्येच सोडून बघू नका. पक्का दात पडला तर मुळाला हात न लावता उचला, जागेवर बसवता आला तर बसवा, नाही तर दुधात टाकून ताबडतोब डेंटिस्ट गाठा. दुधाचा दात परत बसवायचा नाही. बोटावर चेंडू आदळला की बोट ओढायची आपल्याकडे रीत आहे, ती सोडा. घोटा मुरगळला तर बाम लावून चोळू नका, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं ठेवा. मुलांमध्ये मुरगळा वाटतो तो ग्रोथ प्लेटचा फ्रॅक्चर असू शकतो, म्हणून पायावर भार देता येत नसेल तर एक्स-रे काढा. जखम पाण्यानं धुवा, हळद नको. डोळ्याला लागलं तर दाबू नका, बसवून ठेवा आणि लगेच हॉस्पिटलला न्या.

जुलैच्या टुर्नामेंटमध्ये मूल उन्हानं बरळायला लागलं तर ९११ लावा आणि ॲम्ब्युलन्सची वाट न पाहता गार पाण्यात बसवा. बर्फाच्या पाण्याचा टब मिळाला तर उत्तमच. आधी थंड करायचं, मग हलवायचं. ढगांचा गडगडाट ऐकू आला की सगळे गाड्यांमध्ये. डगआउट हा आसरा नव्हे. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं पूर्ण झाल्यावरच पुन्हा खेळ.

पिशवीत बर्फाचे इन्स्टंट पॅक, गॉज, ग्लव्ह्ज, दुधाचा छोटा डबा आणि प्रत्येक मुलाचा मेडिकल फॉर्म हवा. दम्याचा पंप किंवा एपिपेन (तीव्र ॲलर्जीवरचं इंजेक्शन) लागणारी मुलं कोण, हे मुख्य कोचला तोंडपाठ हवं आणि सहायक कोचलाही.

मागच्या टेबलांवर सीपीआरच्या डमी ठेवल्यात. जोडीजोडीनं जा आणि प्रत्येकानं दोन मिनिटं न थांबता दाबा. दुसऱ्या मिनिटाला दंड भरून येतात. तिथे जोडीदाराशी अदलाबदल कशी करायची, तेही करून बघा. प्रश्न त्यानंतर घेऊ.