शिरोड्याचं मीठ

शिरोड्याचं मिठागर. वेंगुर्ले तालुका. एप्रिलचा महिना, सकाळचे आठ, आणि डोळे आत्ताच दिपायला लागलेत.

भरतीचं पाणी आत घेतात आणि उथळ वाफ्यांतून फिरवतात. दर वाफ्यात ते आणखी खारट होत जातं. शेवटच्या वाफ्यात दुधावर साय धरावी तसा पांढरा पापुद्रा तरंगतो. बोट लावलं की मोडतो आणि तळाशी जातो. ते मीठ.

मे १९३० मध्ये इथे सत्याग्रह झाला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याला आज जायचंय त्याहून फार जुन्या मिठाकडे.

छांदोग्य उपनिषद, सहावा अध्याय. श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरूकडे गेला, चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून परतला. सोबत ताठाही आणला. वडील उद्दालक त्याला रात्री पाण्यात मीठ टाकायला सांगतात. सकाळी म्हणतात, आण बघू ते मीठ. पोरगा चाचपतो. सापडत नाही. मग वरचं पाणी चाख. खारट. मधलं? खारट. तळाचं? खारटच. दिसत नाही, पण आहे इथेच. तसंच ते सत्, सगळ्याच्या मुळाशी असलेलं 'असणं'. तत् त्वम् असि: ते तूच आहेस, श्वेतकेतू.

हे वाक्य या अध्यायात नऊ वेळा येतं. एकदा सांगून पोराला पटत नसावं.

पुढे शंकराचार्यांच्या परंपरेने जगाला मिथ्या म्हटलं, आणि आपण घाईघाईने त्याचा अर्थ 'खोटं' असा लावला. मिथ्या म्हणजे काय, ते असं बघा. तिन्हीसांजेला परसात सुंभ पडलेला असतो, आपण साप म्हणून मागे उडी मारतो. छातीतली धडधड खरीच असते. दिवा आणला की साप पळत नाही, तो आलेलाच नसतो. सुंभ मात्र तिथेच असतो.

ज्ञानेश्वरांची वाट जरा निराळी. सुंभाचा साप दिसतो तो अज्ञानामुळे, असं ती परंपरा म्हणते; 'अमृतानुभवा'त ते त्या अज्ञानालाच खोडून काढतात. त्यांना जग दिसतं ते चैतन्याचा विलास म्हणून, त्याचाच खेळ म्हणून.

याच जिल्ह्यात, मालवणजवळच्या कांदळगावात, मारुती कांबळी यांचं बालपण गेलं. पुढे मुंबईत खेतवाडीला त्यांचं विडीचं दुकान होतं. गुरू सिद्धरामेश्वर महाराजांनी अभ्यास दिला तो एवढाच, की 'मी आहे' ही जाणीव धरून राहा. तेच पुढे अद्वैत सांगणारे निसर्गदत्त महाराज.

शेवटच्या वाफ्यातलं पाणी मीही जिभेला लावून बघतो. खारट, आणि मागाहून चक्क कडू. या कडूपणाबद्दल उद्दालक काही बोलले नव्हते.

"अजून दोन दिवस व्हये," फळी ओढणारे काका हसतात.