ठोसा दिसला पाहिजे

नमस्कार श्रोतेहो.

सिनेमाचा कॅमेरा एका सेकंदात चोवीस चित्रं टिपतो. आता कसलेल्या माणसाचा सरळ ठोसा घ्या. खांद्यातून सुटून नेमक्या जागी भिडेपर्यंत त्याला सेकंदाचा साधारण दहावा हिस्सा पुरतो. म्हणजे फिल्मवर आली जेमतेम दोन-अडीच चित्रं, आणि त्यातही हात पुसट, धुरासारखा. प्रेक्षकाला दिसतं काय, तर एक माणूस उभा आहे आणि दुसरा उगाचच कोलमडला. १९६६ साली अमेरिकेत 'द ग्रीन हॉर्नेट' या टीव्ही मालिकेच्या सेटवर हीच पंचाईत झाली. नायकाचा साथीदार केटो. अंगात काळे कपडे, डोळ्यांवर काळी पट्टी, आणि मारामाऱ्या बहुतेक रात्रीच्या अंधारात. ती भूमिका करणाऱ्या पंचवीस वर्षांच्या ब्रूस लीला सांगावं लागलं, की जरा सावकाश मार, काहीच दिसत नाहीये.

जो वेग कमवायला त्याने उमेदीची वर्षं घातली, तोच कॅमेऱ्यासमोर आडवा आला. ब्रूस लीचं आयुष्य आज आपण याच अंगाने बघणार आहोत. हाताशी असलेली विद्या पडद्यावर नेताना त्याला काय काय सोडावं लागलं आणि काय नव्याने घडवावं लागलं, ते.

तो आधी लढवय्या आणि मग नट, असं सगळे धरून चालतात. पण क्रम इतका सरळ नाही. त्याचे वडील ली होई-चुएन हे कॅन्टोनीज संगीतनाटकातले नावाजलेले नट. नाटक मंडळी अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना, २७ नोव्हेंबर १९४० रोजी, सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनीज हॉस्पिटलमध्ये या मुलाचा जन्म झाला. काही महिन्यांचा असतानाच तो तान्हं मूल म्हणून पडद्यावर आला. कुटुंब हाँगकाँगला परतलं आणि अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याने वीसेक चित्रपटांत कामं केली. कॅमेरा कुठे आहे, चेहरा कुठे वळवायचा, थांबायचं कुठे, हे त्याच्या अंगात लहानपणीच मुरलं होतं. त्याच्याइतके, कदाचित त्याच्याहून तयार लढवय्ये त्या काळात होते. त्यांच्यापाशी ही दुसरी तालीम नव्हती.

पहिली तालीम विंग चुनची. किशोरवयात तो इप मान या गुरूंकडे शिकू लागला. विंग चुन ही हातभर अंतरावरून लढायची पद्धत. आपल्या आणि समोरच्याच्या शरीरामधून एक मध्यरेषा जाते असं धरायचं आणि ती रेषा सोडायची नाही. मूठ आडवी न धरता उभी धरायची, कोपर खाली, छातीसमोर. यातला मुख्य सराव 'ची साओ', म्हणजे चिकटते हात. दोघांनी मनगटाला मनगट लावून हात गोल फिरवत राहायचे आणि समोरच्याचा जोर कुठे वाढतो, कुठे ढिला पडतो, ते डोळ्यांनी न बघता कातडीने ओळखायचं. ढिलं पडलं की तिथूनच आत शिरायचं. लढायला ही विद्या फार कामाची, पण कॅमेऱ्यातून पाहिली तर दोन माणसं एकमेकांच्या हातात हात अडकवून उभी, एवढंच दिसतं.

१९५८ साली त्याने हाँगकाँगमध्ये शालेय मुष्टियुद्धाची स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी चा-चा नाचाचीही. या नाचाला क्षुल्लक समजू नका. ताल मोडून पुन्हा पकडणं हे त्याच्या पडद्यावरच्या लढाईचं मर्म आहे आणि ते त्याच्या पायांत नाचातूनही आलं.

१९५९ मध्ये तो अमेरिकेला गेला. सिएटलला एका चिनी रेस्टॉरंटमध्ये वेटरचं काम केलं, पुढे वॉशिंग्टन विद्यापीठात प्रवेश घेतला, आणि कुंग फू शिकवू लागला. चिनी नसलेल्यांनाही त्याने दार उघडं ठेवलं होतं. ऑगस्ट १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथे कराटेच्या मोठ्या स्पर्धेत त्याने प्रात्यक्षिक दाखवलं. एका हाताच्या दोन बोटांवर जोर मारले आणि मग तो प्रसिद्ध एक इंचाचा ठोसा.

हा ठोसा नीट समजून घेऊ, कारण त्यात जादू काही नाही. समोरच्याला उभं करायचं आणि त्याच्या मागे खुर्ची ठेवायची. आपली मूठ त्याच्या छातीपासून इंचभर अंतरावर. हात मागे खेचायला जागाच नाही, म्हणजे हाताचा जोर जवळजवळ बाद. मग जोर येतो कुठून? मागच्या पायाची टाच उचलली जाते, गुडघा सरळ होतो, कंबर फिरते, तिच्यामागून खांदा, मग कोपर उघडतं आणि शेवटी मनगट झटक्याने वर वळतं, म्हणजे मुठीची खालची बोटं भिडतात. हे सगळं एका ओळीत, एकापाठोपाठ व्हायला हवं. शिकणाऱ्याचं चुकतं ते इथेच. खांदा आधी निघाला की कमरेचा जोर वाया जातो आणि उरतो नुसता धक्का. मनगट आधीपासून ताठ धरलं तर शेवटचा झटका मिळतच नाही. लीचा क्रम चुकत नसे. माणूस मागे फेकला जाई तो थेट खुर्चीत.

प्रेक्षकांत जे सेब्रिंग नावाचा हॉलिवूडचा केशरचनाकार होता. त्याने निर्माता विल्यम डोझियरच्या कानावर नाव घातलं आणि १९६५ च्या फेब्रुवारीत लीची स्क्रीन टेस्ट झाली.

त्याच सुमाराला ओकलंडला त्याची वाँग जॅक मान या कुंग फू शिक्षकाशी बंद दाराआड लढत झाली. निकालाबद्दल दोन्ही बाजू आजवर वेगवेगळं सांगत आल्या आहेत. पण एक गोष्ट लीने स्वतः मान्य केली: लढत हवी तशी लवकर आटोपली नाही आणि त्याला धाप लागली. समोरचा पळू लागला की विंग चुनच्या जवळच्या हाताचा उपयोग उरत नाही, आणि मग सगळी भिस्त दमसासावर. तेव्हापासून त्याने धावणं, दोरीवरच्या उड्या आणि वजनं यांवर भर दिला. मुष्टियुद्धातलं पदलालित्य उचललं. तलवारबाजीतून घेतलं ते समोरच्याचा वार निघतानाच आपला वार आत घालण्याचं तंत्र. १९६७ मध्ये या सगळ्याला त्याने नाव दिलं 'जीत कुन दो', अडवणाऱ्या मुठीचा मार्ग.

आपल्याकडच्या तालमीत घाम गाळलेल्यांनी ऐकावं असं पुढे आहे. गामा पैलवानावरचे लेख लीच्या वाचनात आले आणि त्याने जोर आणि बैठका आपल्या व्यायामात घेतल्या. ढुंगण वर, मग छाती जमिनीलगत नेत पुढे सरकून मान वर, हा आपला जोर. तिकडे त्याला मांजराचं आळोखे देणं म्हणत. लाल मातीतली ही चीज त्याला पटली याचं नवल नाही. खांदे, पाठ आणि कंबर एका लयीत फिरवणारा दुसरा इतका सोपा व्यायाम शोधून सापडायचा नाही.

'ग्रीन हॉर्नेट' २६ भागांत संपली. पुढची काही वर्षं फुटकळ भूमिका आणि खासगी शिकवण्या. स्टीव्ह मॅक्वीन, जेम्स कोबर्न हे नट त्याच्याकडे शिकले, बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बारही.

आणि १९७० च्या ऑगस्टमध्ये पाठ गेली. व्यायाम होता 'गुड मॉर्निंग'. वजनाचा बार मानेमागे खांद्यांवर घ्यायचा, गुडघे किंचित सैल, आणि कमरेतून पुढे वाकून पुन्हा सरळ व्हायचं. बारवर साठेक किलो, म्हणजे जवळपास त्याच्या स्वतःच्या वजनाइतकं, आणि त्या दिवशी शरीर नीट गरम केलेलं नव्हतं. यात धोका कुठे आहे? वाकल्यावर वजन कमरेच्या सांध्यापासून हातभर लांब जातं, त्यामुळे पाठीच्या तळाला येणारा ताण कैक पटींनी वाढतो. स्नायू थंड असले, पाठीला बाक आला, की तो ताण मणक्यांवर आणि मज्जातंतूंवर पडतो. त्याची त्रिकास्थीतली एक मज्जातंतू दुखावली. पुन्हा लाथ मारता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. कित्येक महिने सक्तीची विश्रांती. त्या काळात त्याने वाचलं, जे. कृष्णमूर्तीही वाचले, आणि वह्यांवर वह्या लिहून काढल्या. पाठदुखीने पुढे त्याला कधीच सोडलं नाही. पुढच्या हाँगकाँगच्या चित्रपटांतल्या त्याच्या सगळ्या उंच लाथा या दुखापतीनंतरच्या आहेत, हे ध्यानात ठेवून ते चित्रपट पुन्हा बघा.

१९७१ च्या सुरुवातीला तो भारतात येऊन गेला. वॉर्नर ब्रदर्सचा पैसा परकीय चलनाच्या नियमांमुळे भारतात रुपयांत अडकून पडला होता, तेव्हा इथेच चित्रपट काढावा असा बेत होता. ली, कोबर्न आणि लेखक स्टर्लिंग सिलिफंट असे तिघे जागा बघायला निघाले. राजस्थानचं वाळवंट पाहिलं, मद्रास पाहिलं, गोवाही पाहिला. कोबर्नला जागा पसंत पडल्या नाहीत आणि बेत बारगळला.

मग हाँगकाँगहून गोल्डन हार्वेस्ट या नव्या कंपनीचं बोलावणं आलं. दोन चित्रपटांचे मिळून पंधरा हजार डॉलर. पहिला 'द बिग बॉस', थायलंडमधल्या पाक चाँग गावी चित्रित झालेला. यात नायकाने आईला मारामारी न करण्याचं वचन दिलेलं असतं आणि गळ्यातलं पाचूसारखं हिरवं लोलक त्याची आठवण देत राहतं. लोलक तुटेपर्यंत तो हात उचलत नाही. प्रेक्षक ताटकळतो, चिडतो, आणि मग पहिली लाथ बसते तेव्हा थिएटर डोक्यावर घेतो. हाँगकाँगमधले कमाईचे उच्चांक या चित्रपटाने मोडले.

तिथल्या मारामाऱ्यांचा रिवाज लांबलचक देवाणघेवाणीचा होता: तू मार, मी अडवतो, मी मारतो, तू अडव. लीने त्याला कात्री लावली. दोन लाथा, एक ठोसा, माणूस खाली. मध्ये थांबा. त्या थांब्यात त्याचा चेहरा, ताणलेला हात, ती मांजरासारखी किंकाळी. वेगाची अडचण त्याने अशी सोडवली. ठोसा डोळ्याला सापडत नसेल तर त्याच्या आधीची आणि नंतरची स्तब्धता दाखवायची. मग मधला वेग प्रेक्षक स्वतःच भरून घेतो. आणि हात दिसत नसेल तर पाय वापरायचा, कारण पायाचा फेर मोठा असतो. प्रत्यक्ष लढाईत डोक्याइतकी उंच लाथ तो टाळण्याच्या मताचा होता. त्याची पसंती नडगी आणि गुडघ्यावरच्या बुटक्या लाथेला. पडद्यासाठी मात्र उंच लाथ हवीच.

हे सगळं एकत्र पाहायचं तर १९७२ चा 'वे ऑफ द ड्रॅगन'. लेखन आणि दिग्दर्शन त्याचंच. शेवटची लढत रोमच्या कलोसियममध्ये, समोर अमेरिकी कराटेपटू चक नॉरिस. बाहेरचे काही भाग रोममध्ये टिपले आणि बरीचशी लढत हाँगकाँगच्या स्टुडिओत. आधी दोघं चक्क अंग मोकळं करतात, बोटं मोडतात, पाय ताणतात. बोलणं नाही. पहिल्या फेरीत ली मार खातो, कारण तो ठरलेल्या पवित्र्यात लढतोय. मग तो बदलतो. पाय उड्या घेऊ लागतात, ताल मोडतो, नॉरिसची लाथ निघते तेव्हा हा तिथे नसतो. कॅमेरा मागे उभा, दोघं डोक्यापासून पायांपर्यंत दिसतात, त्यामुळे लपवाछपवीला वाव नाही. जीत कुन दो म्हणजे काय, ते कुठल्याही भाषणापेक्षा या काही मिनिटांत जास्त स्पष्ट कळतं.

एरवी पडद्यावरचा ठोसा लागत नाही, तो लागल्यासारखा दिसतो. कॅमेरा असा ठेवतात की मूठ आणि हनुवटी यांच्यातलं वीतभर अंतर मागेपुढे झाकलं जावं. मार खाणाऱ्याने मान नेमकी त्या क्षणी फिरवायची. अर्ध्या क्षणाचा उशीर झाला तरी खोटेपणा उघडा पडतो, आणि लवकर फिरवली तर हसू होतं. १९७३ च्या 'एंटर द ड्रॅगन'मध्ये चूक महागात पडली. हाँगकाँगच्या सेटवर तेव्हा साखरेची नकली काच मिळत नव्हती, म्हणून फुटलेल्या बाटल्या खऱ्या काचेच्या होत्या. समोर लढणाऱ्या बॉब वॉल या नटाच्या हातातली बाटली वेळेवर सुटली नाही आणि लीचा हात काचेवर गेला. खोल जखम झाली.

त्या काळी हाँगकाँगचे चित्रपट मुके टिपत आणि आवाज नंतर भरत. १० मे १९७३ रोजी ली त्याच चित्रपटाच्या डबिंगला बसला होता. यंत्राचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून खोलीतला एअर कंडिशनर बंद. खोली भट्टीसारखी तापलेली. त्याला चक्कर आली, तो कोसळला, झटके येऊ लागले. मेंदूला सूज होती. औषधाने ती उतरली आणि तो वाचला. २० जुलैला डोकं दुखतं म्हणून एक वेदनाशामक गोळी घेऊन तो झोपला, तो उठलाच नाही. पुन्हा मेंदूची सूज. वय ३२. कारणाबद्दल आजही तज्ज्ञांत मतभेद आहेत. 'एंटर द ड्रॅगन' अजून प्रदर्शित व्हायचा होता.

'गेम ऑफ डेथ' अर्धा राहिला होता. १९७२ मध्ये त्याने त्याची काही दृश्यं टिपली होती: मनोरा चढत जायचा, दर मजल्यावर वेगळा लढवय्या. वरच्या मजल्यावर करीम अब्दुल-जब्बार, सात फूट दोन इंच. ली पाच फूट साडेसात. एवढ्या लांब हातापायांच्या माणसाला बाहेरून भिडता येत नाही. त्याचा पाय यायच्या आत तरी शिरायचं, नाहीतर खालून गुडघ्यावर घाव घालायचा. अंगात पिवळा एकसंध पोशाख, दोन्ही बाजूंना काळी पट्टी. खांद्यापासून घोट्यापर्यंत शरीराची रेषा लांबूनही वाचता येते. पुढे १९७८ मध्ये तोतये उभे करून चित्रपट पुरा केला गेला, पण हे दृश्य त्याचं स्वतःचं आहे. करीमची एक लाथ थेट छातीवर बसते आणि ली मागे जातो. उठतो तेव्हा पिवळ्या कापडावर, छातीच्या मधोमध, धुळीने उमटलेला पायाचा अख्खा ठसा दिसतो.