राज्यपालांच्या नावाने: बापूजी अणे यांच्याविषयी

मंडळी, बाहेर पावसाने जोर धरला आहे, कौलांवरच्या आवाजात माझा आवाज बुडतोय, म्हणून जरा मोठ्याने बोलतो. आज 1 ऑगस्ट, टिळकांची पुण्यतिथी. टिळक आळीतल्या त्यांच्या जन्मघरी सकाळी हार घालून झाले. इथे रत्नागिरीत टिळकांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज त्यांच्या एका वऱ्हाडी अनुयायाबद्दल बोलणार आहे: लोकनायक माधव श्रीहरी ऊर्फ बापूजी अणे.

जन्म 1880 चा, वणीचा. वकिली यवतमाळात. तिथेच त्यांनी 'लोकमत' साप्ताहिक काढलं. 1930 साली पुसदला जंगल सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसले, यावर त्यांच्यावर टीकाही झाली. पण 1943 च्या फेब्रुवारीत गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये उपोषण मांडलं, सरकार त्यांना सोडेना, तेव्हा मंडळातले सहकारी होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार यांच्यासह अण्यांनी राजीनामा दिला. त्याआधी 1934 मध्ये जातीय निवाड्यावरून, म्हणजे इंग्रजांनी वेगवेगळ्या समाजांना स्वतंत्र मतदारसंघ दिले त्या निर्णयावरून, मदनमोहन मालवीयांबरोबर काँग्रेसपासून वेगळे झाले होते. खुर्चीवरून उठायची त्यांना भीती नव्हती, हे आधी लक्षात घ्या.

जानेवारी 1948 मध्ये ते बिहारचे राज्यपाल झाले. त्यांच्या आधीचे जयरामदास दौलतराम, तेही एके काळी 'हिंदुस्तान टाइम्स'चे संपादक. म्हणजे पाटण्याच्या राजभवनात एकामागोमाग दोन पत्रकार आले.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला ते सांगतो. सप्टेंबर 1949. पुरुलिया तेव्हा बिहारमध्ये होतं. तिथल्या एका छापखान्याने 'संग्राम' नावाचं बंगाली पत्रक छापलं होतं. सरकारने छापखान्याकडे 2000 रुपयांचा जामीन, म्हणजे हमी म्हणून ठेवायची रक्कम, मागितला. कोणत्या कायद्याखाली? 1931 च्या प्रेस कायद्याखाली! कायदेभंगाच्या चळवळीतली वृत्तपत्रं दाबायला इंग्रजांनी केलेला कायदा तो. सरकारी हुकूम निघतात ते राज्यपालांच्या नावाने. म्हणजे 1930 साली तुरुंगात गेलेल्या संपादकाच्या नावाने चालणाऱ्या सरकारने, पुढच्याच वर्षी इंग्रजांनी केलेलं हत्यार उचललं.

मी अण्यांवर दोष ठेवत नाही. राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो, आणि ती फाइल त्यांच्या टेबलावर आली होती की नाही, यावर मी बोलणार नाही. पण इथे थांबून विचार करावा असं मला मनापासून वाटतं. 1908 मध्ये 'केसरी'तल्या लेखांसाठी टिळकांना सहा वर्षं मंडालेला पाठवलं, ते ज्यांच्या काळजावर कोरलं होतं, त्यांच्याच नावाखाली हे घडलं. माणूस चांगला असला म्हणून कायदा आपोआप चांगला होत नाही.

तो छापखाना एक बाई चालवत होत्या. त्या गप्प बसल्या नाहीत, पाटणा हायकोर्टात गेल्या. ऑक्टोबर 1950 मध्ये हायकोर्टाने बहुमताने त्या प्रेस कायद्यातलं, जामीन मागण्यामागचं कलम घटनाविरोधी ठरवलं. दिल्लीपर्यंत खळबळ उडाली. 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांत 'सार्वजनिक सुव्यवस्था' हा शब्दप्रयोग आला, त्यामागच्या कारणांत हा निकालही होता. मग 26 मे 1952 रोजी सुप्रीम कोर्टाने ते कलम वैध ठरवलं. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, जूनमध्ये, अण्यांनी राजभवन सोडलं.

पुढे ते नागपूरमधून लोकसभेवर गेले, वेगळ्या विदर्भासाठी बोलत राहिले. 26 जानेवारी 1968 रोजी गेले. पण आपल्या गावाने त्यांची आठवण ठेवावी, ती 'तिलकयशोर्णव'साठी: टिळकांच्या चरित्रावरचं संस्कृत महाकाव्य, तीन खंडांचं. 1973 मध्ये त्याला मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या आळीत त्या काव्याच्या नायकाचा जन्म झाला, तिथून आपण हाकेच्या अंतरावर बसलोय. आणि हे तीन खंड या सभागृहात किती जणांनी हातात घेतलेत? हात वर करा बघू.