चढावर उलटं जाणारं मशीन

(दृश्य: मे महिन्यातली दुपार. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं शेत. शेततळ्याचा खड्डा.)

दुपारचे दोन वाजलेत. ऊन ४२ च्या पुढं गेलंय. शेततळं निम्म्याहून जास्त खोदून झालंय. वरचा काळ्या मातीचा थर संपून खाली मुरूम लागलाय, आणि खड्ड्यातून बाहेर यायला त्याच मुरमाचा चढ केलाय.

आता त्या चढाकडं बघा. मशीन (बॅकहो लोडर, ज्याला आपण सरसकट जेसीबी म्हणतो) वर येतंय, पण उलटं. खोदायचा मागचा हात आधी वर निघतो, पुढची बकेट सगळ्यात शेवटी. ऑपरेटर मान वळवून अख्खा चढ रिव्हर्समध्ये चढवतोय.

आठ दिवस हे असंच चाललं होतं. मालकांनी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. त्याला वाट सापडली होती आणि काम चालू होतं. मग एका दुपारी सपाटीवरसुद्धा, ढिगात बकेट घातली की इंजिन नुसतं रडायला लागलं आणि चाकं जागची हलेनात, तेव्हा मिस्त्रींना फोन गेला.

(दृश्य: मोटारसायकलवरून उतरणारे मिस्त्री. ते चढाजवळ उभे आहेत, नजर टायरच्या खुणांवर.)

मिस्त्रींनी पेटी उघडली नाही. आधी चढावर गेले, टायरच्या खुणा बघितल्या आणि ऑपरेटरला हाक मारली.

"कधीपासून उलटं चढवतोयस?"

"आठ दिस झाले की मामा. सरळ घेतलं की दम सोडतंय. रिव्हर्सला काय न्हाई, लई ग्वाड चढतंय."

"सकाळीबी दम सोडतंय?"

"सकाळी न्हाई. धा-अकरा वाजल्यावर."

एवढंच बोलणं झालं. पण पाना लावायच्या आधी निम्मा तपास इथंच झाला. तो कसा, हे कळायला इंजिनची ताकद चाकापर्यंत कोणत्या वाटेनं जाते ते बघावं लागेल.

(दृश्य: कागदावर पेन्सिलीनं काढलेलं चित्र. इंजिन, कन्व्हर्टर, क्लच, गिअर, चाक.)

अशा मशीनमध्ये पायानं दाबायचा नेहमीचा क्लच नसतो. इंजिनला चिकटून असतो टॉर्क कन्व्हर्टर. त्यात एक पातं तेल फेकतं आणि समोरचं पातं त्या तेलाच्या माऱ्यानं फिरतं. मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाला वळवून पुन्हा कामाला लावतो. हर्मान फॉटिंगर या जर्मन अभियंत्यानं १९०५ साली याचं पेटंट घेतलं, तेही जहाजांसाठी. आज आपल्या मुरमाच्या खाणीत तेच तत्त्व राबतंय.

कन्व्हर्टरच्या पुढं दोन क्लचपॅक: एक फॉरवर्डचा, एक रिव्हर्सचा. प्रत्येकात प्लेटांची चळत. लिव्हर पुढं ढकलला की त्या बाजूच्या पॅकमध्ये तेलाचं प्रेशर जातं, पिस्टन प्लेटा दाबतो आणि ताकद पुढं सरकते. दाबणारंही तेलच, थंड करणारंही तेलच. पंप एकच, फिल्टर एकच, तेल एकच. फॉरवर्ड आणि रिव्हर्सची वाट वेगळी होते ती पार शेवटी.

आता ऑपरेटरचं बोलणं आठवा. रिव्हर्स ग्वाड चालतंय. म्हणजे तेल आहे, पंप ठीक आहे, कन्व्हर्टर ठीक आहे, इंजिनात दम आहे. यातलं काहीही गेलं असतं तर दोन्हीकडं सारखंच रडलं असतं. दोष वाटा फुटल्यानंतर कुठंतरी आहे, फॉरवर्डच्या बाजूला. आणि सकाळी ठीक, तापल्यावर ढिलं? गार तेल जाड असतं, झिजलेल्या सीलमधूनही लवकर निसटत नाही. तापून पातळ झालं की तेच तेल फटीतून पळतं.

(दृश्य: डिपस्टिक पुसणारा हात. अगदी जवळून.)

तरीही मिस्त्री क्रम सोडत नाहीत. आधी तेल. डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा घातली. पातळी बरोबर होती. एक थेंब अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळला, मग नाकाशी नेला. करपलेला वास. कुकरची शिट्टी विसरल्यावर तळाला लागलेल्या डाळीसारखा नव्हे. जास्त उग्र, ब्रेक लायनर जळल्यासारखा. क्लचच्या अस्तराचा वास आहे तो.

तेल फेसाळलेलं असतं, तर सक्शनच्या बाजूनं हवा ओढली जातेय किंवा तेल जास्त भरलंय असं म्हटलं असतं. दुधासारखं पांढुरकं असतं तर पाणी. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा नदीकाठची मशीनं पाण्यात उभी होती. ब्रीदरमधून (गिअरबॉक्सची हवा जायच्या-यायच्या भोकातून) पाणी आत शिरतं, आणि ते तसंच ठेवून मशीन चालवलं की क्लचप्लेटांचं अस्तर फुगून सुटतं. पुरात उभं राहिलेलं मशीन तेल बदलल्याशिवाय चालू करू नका, ही विनंती इथंच करून ठेवतो.

(दृश्य: जुना फोटो. अंगणात उभं असलेलं मशीन, शेजारी काका.)

हा फोटो आमच्या काकांचा. कर्ज काढून घेतलेलं पहिलं मशीन, हार घातलेलं. तिसऱ्या वर्षी ते चालता चालता अधूनमधून फॉरवर्ड सोडायला लागलं. खड्ड्यात चाक आदळलं की न्यूट्रल झाल्यासारखं व्हायचं, क्षणभरानं पुन्हा धरायचं. एका गॅरेजमध्ये नेलं. तिथं प्रेशर मोजायचा गेज लावला नाही, तेल बघितलं नाही, काकांना एक प्रश्न विचारला नाही. "क्लच गेला, बॉक्स उतरवावा लागेल," असं सांगितलं आणि उतरवला. पावसाळ्याच्या तोंडावरचे वीस दिवस मशीन लाकडी ठोकळ्यांवर उभं होतं. नव्या प्लेटा पडल्या, बिल झालं, दोन हप्ते थकले. मशीन शेताच्या रस्त्याला लागलं, पहिल्याच खड्ड्यात आदळलं आणि फॉरवर्ड सुटलं.

पुढं दुसऱ्या एका मिस्त्रींनी केबिनमधलं रबरी मॅट उचललं. लिव्हरपासून सोलेनॉइडकडं (विजेवर क्लचला तेल सोडणाऱ्या व्हॉल्व्हकडं) जाणारी वायर पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली होती. हादरा बसला की पत्र्याला टेकायची. काका त्या वायरीकडं बराच वेळ बघत बसले होते. मला अजून दिसतात ते.

क्लच ढिला पडला तर मशीन चढाला, ओझ्याला, तापल्यावर दम सोडतं. वायर तुटली तर खड्ड्यात, आदळल्यावर सोडतं. काकांना कुणी फक्त विचारलं असतं, "कधी सोडतंय?" तर त्यांनी हेच सांगितलं असतं. म्हणून ही फिल्म करतोय.

(दृश्य: गिअरबॉक्सच्या बाजूचा छोटा प्लग. त्यावर चढणारा गेज.)

परत शेततळ्यावर. मिस्त्रींनी मशीन सपाटीवर घेतलं, चाकांना दगड लावले, प्रेशरच्या टेस्ट पॉइंटला गेज जोडला. अशा मशीनांत क्लचचं प्रेशर साधारण १० ते २० बारच्या दरम्यान असतं. नेमका आकडा मॉडेलच्या पुस्तकात बघायचा. सकाळची गार रीडिंगं घेऊन ठेवली होती: न्यूट्रल १५, फॉरवर्ड १४, रिव्हर्स १४.५. आता तेल ८० अंशांच्या पुढं तापलंय.

न्यूट्रल १४. रिव्हर्स १३.५. लिव्हर पुढं.

(दृश्य: गेजचा काटा. आवाज फक्त इंजिनचा.)

९.

मग स्टॉल टेस्ट, म्हणजे चाकं अडवून इंजिनचे फेरे कुठवर जातात ते बघणं. पुढं-मागं कुणी उभं नाही हे बघून ब्रेक पूर्ण दाबायचा, वरचा गिअर, फुल रेस, आणि काही सेकंदांत सोडून द्यायचं. सगळी ताकद तेलातच जिरते, त्यामुळं तेल भराभर तापतं. दोन टेस्टच्या मध्ये न्यूट्रलला ठेवून त्याला निवू द्यावं लागतं. रिव्हर्समध्ये इंजिनचे फेरे पुस्तकातल्या आकड्याला येऊन थांबले. फॉरवर्डमध्ये त्याच्या वर पळाले. क्लच धरत नाहीय, म्हणून इंजिन मोकळं सुटतंय. फेरे कमी भरले असते तर इंजिन किंवा स्टेटरवर संशय घ्यावा लागला असता.

एक शंका उरली होती. फॉरवर्डचा सोलेनॉइडच अडकत असेल तर? या मशीनमध्ये दोन्ही सोलेनॉइड एकसारखे. मिस्त्रींनी त्यांची अदलाबदल केली. तक्रार सोलेनॉइडबरोबर रिव्हर्सला गेली असती, तर काम तिथंच मिटलं असतं. नाही गेली. काटा फॉरवर्डलाच पडला.

आता मिस्त्री मालकांकडं वळले. "साहेब, खोलावं लागतंय. पण काय खोलायचं ते ठाऊक हाय."

(दृश्य: अक्कलकोट रोडजवळची शेड. साखळीला लटकलेला गिअरबॉक्स.)

शेडमध्ये मिस्त्री हेल्परशी तेलुगू बोलतात, सुट्या भागाच्या दुकानदाराशी फोनवर कानडी, आणि आमच्याशी मराठी. जेवणाला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, बसायला जुना टायर. जेवणानंतर फिल्टर कापला. करवतीनं नाही, कटरनं. करवतीचा कीस आत पडला की आपणच आपल्याला फसवतो. कागदाच्या घड्या उलगडल्या तशी काळी खपली हाताला लागली, प्लेटांचं अस्तर. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी लगदा होता, तो नेहमीचाच. टोकदार लोखंडी कण नव्हते, पितळेची चमक नव्हती. म्हणजे गिअर आणि सिंक्रो (गिअर जुळवणाऱ्या पितळी रिंगा) शाबूत.

फॉरवर्डचा पॅक उघडला. सीलिंग रिंग एका बाजूनं झिजून कागदासारखी झालेली. अस्तराच्या प्लेटा काळ्या, पोलादी प्लेटा निळ्या पडलेल्या. रिव्हर्सचा पॅक उघडून बघितला, तो चांगला होता. तसाच बंद केला.

मिस्त्री तिथं थांबले नाहीत. रिंग झिजली, पण एवढ्या लवकर का? तेल गार करणाऱ्या कूलरच्या जाळीतून उजेड दिसतो का ते बघितलं. दिसेना. जाळीच्या पाकळ्यांत मुरमाची धूळ आणि ज्वारीचं भूस घट्ट बसलं होतं. आणि दुसरं कारण सीटवर बसायचं. धावत्या मशीनचा लिव्हर थेट पुढून मागं, मागून पुढं ओढायची सवय. मिस्त्रींनी ऑपरेटरला रागावलं नाही. शेजारी उभं राहून त्याच्याकडून दहा वेळा करून घेतलं: आधी ब्रेक, मशीन पूर्ण उभं, रेस खाली, मग लिव्हर.

(दृश्य: शेततळं. सहाव्या दिवसाची दुपार.)

पुन्हा तेच ऊन, तोच चढ. तेल तापेपर्यंत मशीन राबवलं आणि गेज लावला. न्यूट्रल १५, फॉरवर्ड १४.५, रिव्हर्स १४.५. ऑपरेटरनं भरलेली बकेट उचलली, तोंड चढाकडं केलं, आणि मशीन सरळ वर आलं. अर्ध्या चढावर त्यानं सवयीनं एकदा मागं वळून बघितलं.

मिस्त्रींनी बॉनेट उचललं, आतला पत्रा फडक्यानं पुसला आणि पांढऱ्या ऑइलपेंटनं तारीख लिहिली. खाली गार आणि गरम, दोन ओळींत सहा आकडे. पुढं ज्या कुणाच्या हातात हे मशीन येईल त्याच्यासाठी. रंग वाळेपर्यंत बॉनेट उघडंच ठेवलं.