माइल्स झोपेच्या तासांत मोजा

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेतील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षबाई, संघाचे सगळे पदाधिकारी आणि मंडळी, नमस्कार.

सुरुवातीला एक विनंती. ज्यांचा मुलगा, मुलगी, सून, जावई असं कोणीही अमेरिकेत, युरोपात किंवा ऑस्ट्रेलियात आहे त्यांनी हात वर करा. बघा, मागच्या रांगेतल्या काकांनी दोन्ही हात वर केलेत, म्हणजे दोन्ही मुलं बाहेर दिसतात. आता हात खाली घेऊ नका. ज्यांच्या किंवा ज्यांच्या मुलांच्या खात्यात विमान कंपनीचे माइल्स, क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स पडून आहेत त्यांनीच हात वर ठेवा. आणि ते किती आहेत हे माहीत असणाऱ्यांनी... झालं, दोनच हात उरले. हे जे बाकीचे हात खाली गेले, त्यांच्यासाठी मी आज बोलणार आहे.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘विमान कंपन्यांचे माइल्स आणि बिझनेस क्लासच्या सवलती : निर्णय कसा घ्यावा’. उत्तर आधीच सांगून टाकतो. माइल्सचा भाव रुपयांत काढू नका. रात्रीच्या प्रवासात पाय लांब करून आडवं झोपायला किती तास मिळतात, त्यावर काढा. ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगत असतो आणि आज तुम्ही सगळे आयते समोर बसलेले आहात. पण ती पटायची तर आधी माइल म्हणजे काय चीज आहे ते बघावं लागेल.

१९७८ साली अमेरिकेत विमानभाड्यांवरचं आणि मार्गांवरचं सरकारी नियंत्रण उठलं. कंपन्यांची एकमेकींशी चढाओढ सुरू झाली. आपलं गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणून १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सनं ॲडव्हान्टेज नावाची योजना काढली आणि काही दिवसांतच युनायटेडनं आपली काढली. तेव्हा हिशोब सरळ होता, जितके मैल उडाल तितके मैल खात्यात, आणि पुरेसे साठले की त्यांच्या बदल्यात तिकीट. आता तो तसा राहिलेला नाही. बँका विमान कंपन्यांकडून माइल्स घाऊक विकत घेतात आणि तुम्ही कार्डावर किराणा भरलात, विजेचं बिल भरलंत, की त्यातले थोडे तुम्हाला देतात. हा धंदा केवढा मोठा आहे ते कोविडमध्ये कळलं. विमानं जमिनीवर उभी होती, तेव्हा युनायटेडनं २०२० मध्ये आपली माइल्सची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. मार्च २०२१ मध्ये अमेरिकननं त्याच मार्गानं १० अब्ज डॉलर उभे केले. ज्या योजनेच्या तारणावर इतकं कर्ज मिळतं, तिच्यातला आपला वाटा आपण विसरून जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरी बाजूही ऐका. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे. माइल्सना काहीही नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरची विमानं थांबली आणि लोकांचे साठवलेले माइल्स पाण्यात गेले. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं. तिची माइल्सची योजना वेगळ्या कंपनीकडे होती म्हणून पॉइंट वाचले, पुढे त्याचं इंटरमाइल्स झालं, पण ज्या विमानात बसायचं म्हणून लोकांनी ते जमवले होते ते विमानच राहिलं नाही. विस्तारा या विमान कंपनीच्या सभासदांचं त्या मानानं बरं झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती एअर इंडियात विलीन झाली आणि पॉइंट तिच्या महाराजा क्लब या योजनेत गेले. माइल्स म्हणजे अढीतले आंबे आहेत मंडळी. पिकले की खायचे, रोज उघडून मोजत बसायचं नाही.

आता माझ्या मनात सलणारी गोष्ट सांगतो. थोडी लांबेल, पण सांगायलाच हवी.

माझी थोरली बहीण सत्तरी ओलांडलेली, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. मुलगी न्यू जर्सीत. ताईला तिच्या बाळंतपणाला जायचं होतं. मी एका विमान कंपनीचे माइल्स खास ताईसाठी म्हणून जमवत आणले होते. नाव घेत नाही, घेऊन काही साधत नाही. जाऊन-येऊन बिझनेस क्लासला किती लागतात ते मी कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. तेवढे जमत आले आणि एके दिवशी सकाळी ईमेल आली. विषय काय, तर ‘आमच्या सन्माननीय सदस्यांसाठी आनंदाची बातमी’. आत चार परिच्छेद आमच्या निष्ठेचं कौतुक. नवं ॲप, नवा रंग, नवं बोधचिन्ह. पाचव्या परिच्छेदात एक ओळ, की अधिक लवचीकता देण्यासाठी माइल्सचे दर सुधारित करण्यात आले आहेत, तपशील इथे पाहा. पाहिला तपशील. ज्यात जाणं-येणं बसत होतं त्यात आता फक्त जाणं बसत होतं.

अमलात कधीपासून? आदल्या मध्यरात्रीपासून! पूर्वसूचना नाही, पंधरा दिवसांची मुदत नाही. फोन केला. पलीकडची मुलगी अगदी नम्रपणे बोलत होती, तिच्यावर माझा राग नाही. ती म्हणाली, “सर, वेबसाइटवर दिसतोय तोच दर.” मी म्हटलं, बेटा, काल दुसरा दिसत होता. ती म्हणाली, “सर, काल आज नाही.” वेदान्तात शोभेल असं वाक्य आहे, पण गुडघ्याच्या पेशंटला त्याचा उपयोग नाही. मी तक्रारीचं सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं, ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार’. अभिप्राय कुठला, मी हिशोब मागितला होता! किराणा दुकानदारानं आगाऊ पैसे घेऊन दुसऱ्या दिवशी अर्धाच तांदूळ दिला तर आपण त्याच्या दुकानासमोर उभे राहतो. इथे उभं राहायला दुकानच नाही. अटींमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलंच असतं की दर केव्हाही बदलण्याचा हक्क कंपनीचा. माझं म्हणणं एवढंच, की जी गोष्ट बँकेमार्फत पैसे घेऊन विकली जाते तिच्या किमतीत बदल करताना ठरावीक दिवसांची पूर्वसूचना कायद्यानं सक्तीची हवी. आपल्या संघानं असा ठराव करून ग्राहक मंत्रालयाकडे पाठवावा, मसुदा मी लिहून देतो.

तर ताईचं जाणं बिझनेस क्लासनं झालं, येणं इकॉनॉमीनं. पोचल्यावर तिचा फोन आला. मी विचारलं, जेवण कसं होतं? म्हणाली, ठीक. सिनेमे? लावलेच नाहीत. “अरे, सात तास पाय सरळ ठेवून झोपले, उतरल्यावर तशीच बाळाला घेऊन बसले.” आणि परत येताना? मुंबईच्या विमानतळावर मी न्यायला गेलो होतो. व्हीलचेअरवर बसून बाहेर आली, पाय असे सुजलेले की चपला पायात जाईनात, मांडीवर धरलेल्या. पुढचे चार दिवस झोपेचं काही खरं नव्हतं. तिच्या त्या दोन प्रवासांत शँपेन, लाउंज, पडदा यांचा काडीचाही संबंध नव्हता. फरक होता तो आडव्या पाठीचा.

इथे डॉक्टर मंडळी बसली आहेत, म्हणून एक खुलासा. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका चार तासांहून जास्त प्रवासात साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात आहे. कारण एका जागी न हलता बसणं. तेव्हा बिझनेस क्लासमध्येही मधून उठून चालायचं, पाणी प्यायचं. तिकीट महाग म्हणून रक्त वेगळं वाहत नाही.

अध्यक्षबाईंची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे जे सांगायला आलो ते आता भरभर सांगतो, लिहून घ्या.

पद्धत अशी. विमान किती वाजता सुटतं, किती तासांचं आहे ते बघा. सुटल्यावरचा एक तास आणि उतरण्याआधीचा दीड तास वजा करा. उरलेल्यातला जो वेळ तुमच्या शरीराच्या रात्रीत येतो, ते झोपेचे तास. लागणाऱ्या माइल्सना त्यानं भागा. सोपे आकडे घेतो, दर रोज बदलतात. समजा सिंगापूरला ५४ हजार माइल्स लागतात. विमान रात्रीचं, साडेपाच तासांचं, हातात झोप आली तीन तास. तासाला १८ हजार. समजा लंडनला ९८ हजार. मध्यरात्रीनंतरचं, साडेनऊ तासांचं, झोप सात तास. तासाला १४ हजार. ज्याचा आकडा मोठा तेच स्वस्त पडलं! दुबईला तीन तासांच्या विमानात झोप जवळजवळ शून्य, तिथे माइल्स उडवणं म्हणजे निव्वळ नासाडी. लंडनहून पुढे न्यूयॉर्कला जाणारी बरीच विमानं दिवसाउजेडी असतात, तो टप्पा इकॉनॉमीत चालतो. मात्र माइल्सच्या एकाच तिकिटात वर्ग मिसळले तर अनेक कंपन्या सगळ्या प्रवासाला वरच्या वर्गाचेच माइल्स लावतात, तेव्हा आधी विचारा.

मुलं हिशोब काय करतात? बिझनेसचं तिकीट ३ लाख, लागले १ लाख माइल्स, म्हणजे एका माइलला ३ रुपये मिळाले. पण ते ३ लाख तुम्ही कधी खिशातून देणार होतात का? आईला विचारा, एका रात्रीच्या झोपेसाठी किती देशील? ती जो आकडा सांगेल तो खरा भाव. आणि त्यात कर-अधिभार मिळवा. माइल्सच्या तिकिटालाही ते लागतात, काही युरोपीय कंपन्यांचे तर डोळे पांढरे करतात. लंडनहून प्रवास सुरू केला तर ब्रिटनचा प्रवासी कर बिझनेसला इकॉनॉमीच्या दुपटीहून जास्त आहे. रोखीनं घेणार असाल तर आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीवर ५ टक्के आणि बिझनेसवर १८ टक्के जीएसटी आहे.

बोलीची ईमेल येते, ‘अपग्रेडसाठी रक्कम सुचवा’, म्हणजे इकॉनॉमीच्या तिकिटावर वरच्या वर्गात बसायला किती द्याल ते सांगा. बहुतेकदा प्रत्येक टप्प्याची बोली वेगळी असते. फक्त रात्रीच्या लांब टप्प्यावर लावा, आणि आईनं सांगितलेल्या आकड्याच्या वर जाऊ नका. विमान कुठलं आहे तेही बघा. काही जुन्या विमानांत बिझनेसच्या सीट जोडीजोडीनं आहेत, खिडकीकडच्याला शेजाऱ्याच्या पायांवरून जावं लागतं, आणि गुडघे दुखणाऱ्याला तेच जमत नाही. ‘पूर्ण सपाट’ असं स्पष्ट लिहिलं आहे का ते वाचा. प्रीमियम इकॉनॉमीत जागा ऐसपैस असते, पण पाठ आडवी होत नाही. माझ्या पद्धतीत तिला झोपेचे तास अर्धे धरा.

आधी कोलंबोला जाऊन तिथून पुढचा प्रवास सुरू केला तर बिझनेस क्लास स्वस्त मिळतो, हे खरं आहे. तरुणांनी जरूर जावं. आईवडिलांना पाठवू नका. दोन वेगळी तिकिटं, सामान काढून परत द्यायचं, पहिलं विमान उशिरा गेलं तर दुसरी कंपनी जबाबदार नाही. वाचलेले पैसे त्या एका धावपळीपुढे काहीच नाहीत.

कार्डाचे पॉइंट बँकेतच राहू द्या. एकदा विमान कंपनीकडे वळवले की परत येत नाहीत. आधी सीट शोधा, ती दिसते आहे याची खात्री करा, मग वळवा, आणि वळवायला कधी काही दिवस लागतात हे लक्षात ठेवा. सिंगापूर एअरलाइन्सचे माइल्स तीन वर्षांनी संपतात, इतरांचे नियम वेगळे. माइल्सच्या सीट साधारण अकरा महिने आधी खुल्या होतात, नंतर थेट शेवटच्या काही दिवसांत. दोघांना शेजारी हव्या असतील तर आधीच गाठा. दोघांना पुरतील इतके नसतील तर ज्याचे गुडघे किंवा पाठ जास्त दुखते त्याला द्या, नवरा-बायकोनं समान वाटणी करत बसू नये. आणि कार्डाची थकबाकी ठेवून पॉइंट जमवणाऱ्यांनी हा नाद आजच सोडावा. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर, त्यात कुठलाही माइल तग धरत नाही.

दुसरी चिठ्ठी आली. प्रीमियम कार्डांची वार्षिक फी कधी वसूल होते ते राहिलं, ते पुढच्या महिन्यात, अध्यक्षबाईंची परवानगी असेल तर. ज्यांची तिकिटं मे-जूनची काढायची आहेत त्यांनी चहाच्या टेबलाशी आधी या आणि मुलांनी पाठवलेलं वेळापत्रक फोनवर उघडून ठेवा, आपण तिथेच तास मोजू.