ओळीत मावेल तो ट्रॅक्टर

(दृश्य: ऑक्टोबरची पहाट. निफाड तालुक्यातली द्राक्षबाग. ओलांड्यांवर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांवर, नुकती फूट निघालेली. दोन बोदांच्या, म्हणजे वेलींच्या बुडाशी केलेल्या मातीच्या वरंब्यांच्या, मधे साचलेलं पाणी.)

रात्री पाऊस झाला. गोडी छाटणी, म्हणजे फळ धरायची छाटणी, होऊन अठरा दिवस झालेत. पोंगे उघडलेत, दोन-तीन कोवळी पानं बाहेर आलीत. अशा पानावर पाणी बसलं की डाऊनी, म्हणजे केवडा रोग, यायला वेळ लागत नाही. फवारा आजच, उजाडता उजाडताच गेला पाहिजे. आणि बागेत घोट्याएवढा चिखल आहे.

द्राक्षवाल्याच्या घरी छोटा ट्रॅक्टर कशासाठी घेतात, ते या एका सकाळीत कळतं. मशागतीला वाफशाची, म्हणजे रान सुकून कामाजोगं व्हायची, वाट बघता येते. फवारणीला नाही.

ही बाग माझ्या थोरल्या भावाची, दादाची. तीन एकर, वाय पद्धतीची बांधणी (इंग्रजी वायसारखे दोन हात पसरलेले खांब, त्यावर तारा), नऊ फुटांवर ओळ, पाच फुटांवर वेल. जुना मिनी ट्रॅक्टर काढून नवा घ्यायचं घरात ठरलं, तेव्हा पुढचे पाच-सहा आठवडे मी कॅमेरा घेऊन त्याच्या मागे फिरले.

(दृश्य: शेडमध्ये उभा जुना ट्रॅक्टर. उभा सायलेन्सर, वर काळवंडलेलं टोक.)

जुना ट्रॅक्टर घेतला तेव्हा आम्ही दोनच गोष्टी विचारल्या होत्या. एचपी किती आणि शेवटचा भाव किती. घरी आणल्यावर पहिल्याच हंगामात कळलं की उभ्या सायलेन्सरची धग वेलीच्या लोंबत्या काडीला लागते. पान करपतं, कधी घडही. दोनच चाकांना ओढ, त्यामुळे भरलेला ब्लोअर, म्हणजे पंख्यानं औषध फवारणारं यंत्र, मागे लावला की ओल्या ओळीत मागची चाकं जागेवर फिरायची. चाकोरी खोल होत जायची आणि शेवटी बैल लावून तो बाहेर काढावा लागायचा. कंपनीनं आम्हाला खोटं काही सांगितलं नव्हतं. आम्ही आमची बाग मोजली नव्हती.

म्हणून या वेळी शोरूमला जायच्या आधी दादा टेप घेऊन बागेत उतरला.

(दृश्य: दादा आणि घरातले वडीलधारे आप्पा टेप धरून ओळीत.)

"आप्पा, टेप बोदाच्या कडेला धरा."

"अरे, ओळ नऊ फुटी आहे. त्यात मोजायचं काय?"

"नऊ फूट खोड ते खोड. ट्रॅक्टरला त्यातलं किती मिळतं, ते बघू."

जमिनीवर, बोद सोडून सपाट पट्टी निघाली सव्वापाच फूट. हे झालं खालचं माप. वरचं माप वेगळं. वायचे हात चार फूट पसरलेले. म्हणजे या ओळीच्या बाहेरच्या तारेपासून पुढच्या ओळीच्या बाहेरच्या तारेपर्यंत राहिले पाच फूट. डिसेंबरात कॅनॉपी, म्हणजे वेलीचा पानांचा पसारा, भरली की दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा फूट काडी खाली लोंबते. उरले चार. द्राक्षाला धक्का न लावता जायचं तर ट्रॅक्टर बाहेरून बाहेर साडेतीन फुटांच्या आत हवा. मिलिमीटरमध्ये १०६७, कारण कंपनीच्या कागदावर माप मिलिमीटरमध्येच छापलेलं असतं. ओळीच्या टोकाला वळायची जागा चौदा फूट. ही तीन मापं दादानं आप्पांच्या फवारणीच्या वहीत पहिल्या पानावर लिहिली.

एक गोष्ट लक्षात ठेवा. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांत रिम उलटी बसवून चाकांमधलं अंतर कमी-जास्त करता येतं. कागदावरची रुंदी नेमकी कोणत्या बसवणीची आहे, ते विचारून घ्या. आणि मोजताना टायरच्या बाहेरच्या कडेपासून मोजा. मडगार्ड त्याच्याही बाहेर येत असेल तर मडगार्डपासून.

(दृश्य: गावातल्या पारावर पसरलेली चार-पाच पत्रकं. बोनेटवरचे आकडे जवळून.)

आता पत्रकं उघडूया. स्वराजचा कोड साधारण ११ एचपीचा. महिंद्राचा युवराज २१५ १५ एचपीचा, एका सिलिंडरचा. व्हीएसटीचा एमटी १८० डी साडेअठरा एचपी, तीन सिलिंडर. यांची कामं वेगळी आहेत: भाजीपाल्यातली आंतरमशागत, कपाशीच्या पट्ट्यातली कोळपणी, उसाची भर. तिथे ते अगदी नेमके बसतात. सहाशे लिटरचा ब्लोअर चालवायचा म्हटलं की मात्र आमच्याकडची माणसं चोवीस एचपीपासून पुढे बघतात. महिंद्राचा जिवो २४५, कुबोटाचा निओस्टार बी २४४१, जॉन डिअरचा ३०२८ ईएन. शिवाय महिंद्राची ओजा मालिका, जी १५ ऑगस्ट २०२३ रोजी केपटाऊनमध्ये बाजारात आणली गेली. तिच्यातला सर्वांत लहान २१ एचपीचा आहे.

यातले जिवो आणि निओस्टार शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही २४ एचपी, दोन्ही फोर-व्हील. दोघांची लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार उचलायची ताकद, कागदावर ७५० किलो. गिऱ्हाईक इथेच म्हणतं, मग स्वस्त पडेल तो द्या. पण बोनेट उघडलं की दोन वेगळ्या स्वभावाची इंजिनं दिसतात. जिवोचं दोन सिलिंडरचं, १३६६ सीसी, २३०० आरपीएमला पूर्ण ताकद देणारं. निओस्टारचं तीन सिलिंडरचं, ११२३ सीसी, २६०० आरपीएमचं. मोठे दोन सिलिंडर कमी फेऱ्यांवर ओढतात, चिखलात दम धरतात. छोटे तीन जास्त फिरतात, पण अंगाला हादरे कमी बसतात. दिवसाला सहा-सात तास सीटवर बसणाऱ्याच्या पाठीला हा फरक कळतो. कोणता चांगला, हे तुमच्या जमिनीवर आणि चालवणाऱ्याच्या वयावर ठरतं. आप्पा अजूनही स्वतः फवारा मारतात, म्हणून आमच्या घरी हादऱ्याला किंमत होती.

(दृश्य: ब्लोअरचा पंखा फिरू लागतो. पीटीओचा शाफ्ट जवळून.)

आणि आता सगळ्यात कळीची गोष्ट. बोनेटवर लिहिलेला एचपी इंजिनाचा असतो. तुमचा ब्लोअर चालतो पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या फिरत्या शाफ्टवर. इंजिनापासून पीटीओपर्यंत येता येता गिअर, बेअरिंग, हायड्रोलिकचा पंप आपापला वाटा काढून घेतात. काही ट्रॅक्टरांत नव्वद टक्के ताकद मागे पोचते, काहींत पाऊण हिस्साच. चोवीस एचपीचे कुठे साडेएकवीस हाती येतात, कुठे अठरा. साडेतीन एचपी म्हणजे चढाच्या ओळीत पंखा मंदावतो की नाही, एवढा फरक.

पंखा मंदावला तर काय होतं? पंख्याचा वेग फक्त दहा टक्क्यांनी घटला, तरी त्याच्या हवेतली ताकद सत्तावीस टक्क्यांनी घटते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. औषध टाकीतून बाहेर तर पडतं, पण पानाच्या पाठीमागे, घडाच्या आत पोचत नाही. आणि डाऊनीची बुरशी पानाच्या पाठीमागूनच आत शिरते.

हा पीटीओचा खरा आकडा कुठे मिळतो? मध्य प्रदेशात, नर्मदेच्या काठी बुधनी नावाचं गाव आहे. तिथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. देशात विकला जाणारा ट्रॅक्टर तिथल्या किंवा तशाच मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचणीतून जातो. अहवालात पीटीओची मोजलेली ताकद असते. तापमान चाळीसच्या पुढे नेल्यावर ती किती उतरते, तेही असतं. चालकाच्या कानाशी आवाज किती, हादरे किती, लिफ्ट प्रत्यक्षात किती उचलते, ते असतं. पीटीओला मिनिटाला ५४० फेरे मिळायला इंजिन किती आरपीएमवर ठेवावं लागतं, तेही लिहिलेलं असतं. हा आकडा जितका खाली, तितकी डिझेलची बचत.

हा अहवाल मिळवायला बुधनीला जायला नको. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर ट्रॅक्टरच्या अनुदानासाठी जी कागदपत्रं लागतात, त्यात तपासणी अहवाल असतोच. म्हणजे तो विक्रेत्याच्या फायलीत पडलेला आहे. दादानं तीन शोरूममध्ये मागितला. दोन ठिकाणी लगेच मिळाला. तिसऱ्या ठिकाणचा मुलगा म्हणाला, "भाऊ, हा आजवर कुणी मागितला नाही, शोधावा लागेल." त्यानं शोधून दिला, झेरॉक्सही काढून दिली.

अनुदानाचं ओघात सांगते. पूर्वसंमती हातात पडण्याआधी ट्रॅक्टर घेऊ नका, ते बिल चालत नाही. आणि जुनं कोटेशन जवळ असेल तर नवं मागून घ्या, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. कोटेशनमध्ये पासिंग, विमा, पुढची वजनं, टॉपलिंक धरलंय की वेगळं, हे एकेक करून विचारा.

(दृश्य: विक्रेत्याच्या दुकानातलं स्पेअर पार्टचं काउंटर.)

दादा प्रत्येक ठिकाणी ट्रॅक्टर बघायच्या आधी मागच्या काउंटरला जायचा. "पुढच्या ॲक्सलचं ऑइल सील आहे का? क्लचप्लेट आहे?" चिखलात चालणाऱ्या फोर-व्हील ट्रॅक्टरचं ते सील आज ना उद्या जाणारच. कुठे कपाटातून पार्ट निघाला, कुठे उत्तर आलं, "ऑर्डर टाकू, चार दिवस लागतील." फुलोऱ्यात चार दिवस ट्रॅक्टर उभा राहणं कोणत्याच बागाईतदाराला परवडत नाही. जुना ट्रॅक्टर बघणाऱ्यांनी तर हे आधी विचारावं. पुण्याच्या फोर्स मोटर्सचा ऑर्चर्ड मिनी आपल्याकडे बऱ्याच बागांत दिसायचा. कंपनीनं २०२४ मध्ये ट्रॅक्टरचा व्यवसाय बंद केला. असा ट्रॅक्टर स्वस्तात मिळत असेल, तर पार्ट कुठून आणायचे याची सोय आधी लावा.

(दृश्य: नोव्हेंबरअखेर. कॅनॉपी भरलेली. रात्री ओळीत सोडलेलं पाणी, टॉर्चच्या उजेडात.)

डेमो सगळेच देतात. कोरड्या रानात, रिकाम्या ट्रॅक्टरवर, दहा मिनिटं. दादानं तिन्ही ठिकाणी अट घातली: डेमो आमच्या बागेत, आमच्या ब्लोअरवर, टाकी पूर्ण भरून. पाऊस सांगून येत नाही, म्हणून त्यानं आदल्या रात्री तीन ओळींत पाणी सोडलं.

सहाशे लिटर पाणी म्हणजे सहाशे किलो. त्यात ब्लोअरचं स्वतःचं वजन. हा मागचा गाडा ट्रॅक्टरच्या वजनाला टक्कर देतो. चढाला ब्रेक लागतो का, ओळीच्या मध्यात थांबवून पुन्हा उचलतो का, चौदा फुटांत एका दमात वळतो का, हे सगळं ब्लोअर भरलेला असतानाच कळतं.

वजनाबद्दल दादाचं मत ठाम आहे. जड ट्रॅक्टर चिखलात पकड घेतो, पण बोदाच्या कडेची माती दाबून टाकतो, आणि द्राक्षाची पांढरी मुळी तिथेच वर असते. म्हणून तो वजन कमी आणि चारही चाकांना ओढ, यावर अडून बसला. मला त्याचं पटतं. काळ्या जमिनीत एकदा दाबलेली चाकोरी पुढच्या एप्रिलातल्या खरड छाटणीपर्यंत तशीच राहते.

(दृश्य: पिवळ्या कागदाच्या पट्ट्या टाचणीनं पानांच्या मागे लावताना.)

या पिवळ्या पट्ट्यांवर थेंब पडला की तिथे निळा ठिपका उमटतो. प्रत्येक ओळीत दादानं सहा लावल्या. दोन बाहेरच्या पानांवर, चार आत, पानाच्या पाठीमागे, घडाजवळ. टाकीत नुसतं पाणी. एकेका ट्रॅक्टरला एकेक ओळ, ब्लोअर तोच, नोझल तेच, दाब तोच.

पहिला ट्रॅक्टर सहज गेला. दुसऱ्याचं उजवं मडगार्ड दोन ठिकाणी काडीला घासलं, तोडलेली पानं मागे पडली. तिसरा चढावर थोडा दबला, मग सावरला. ट्रॅक्टर पुढे गेला की दादा खाली बसून चाकोरीत बोटं घालायचा. चार बोटं, सहा बोटं, चार बोटं. आप्पा वहीत लिहीत होते.

मग पट्ट्या काढल्या. बाहेरच्या पानांवरच्या पट्ट्या तिन्ही ओळींत सारख्याच निळ्या. आतल्या पट्ट्या दादानं शेडच्या पायरीवर ओळीनं मांडल्या. पहिल्या ट्रॅक्टरच्या घडामागच्या दोन पट्ट्या जवळजवळ पिवळ्याच होत्या. तिसऱ्याच्या चारही पट्ट्यांवर बारीक, दाट ठिपके.

आप्पांनी त्यातली एक उचलली. चष्मा कपाळावर सरकवून उन्हात धरली.

"पाठीमागनं पोचलंय," ते म्हणाले. "याचं कोटेशन परत मागव. आणि त्याला सांग, ब्लोअर लावूनच ट्रॅक्टर ताब्यात घेऊ."