तुलि, तूलि, तुल्लि

(फिनलंडमधल्या एस्पोमध्ये कोजागिरीला मंडळात केलेलं हे भाषण. लिहून काढताना थोडं नीट केलंय, बाकी जसं बोललो तसंच.)

नमस्कार मंडळी. मसाला दूध सगळ्यांना मिळालंय, चंद्र ढगात आहे, म्हणजे बघायला काही नाही, तर आता माझं ऐका. मला सांगितलं होतं फिनलंडच्या संगीतावर बोल, आणि तुम्हाला वाटलं असणार हा आता इथला मोठा संगीतकार सिबेलियस काढणार नाहीतर हेवी मेटल, पण मी जॅझबद्दल बोलणार आहे, त्यातही इथे जॅझ गाणाऱ्या बाईचं पोटपाणी कसं चालतं त्याबद्दल.

माझ्या मुलीची गाण्याची टीचर जॅझ सिंगर आहे. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. सोमवार ते गुरुवार दुपारपासून म्युझिक स्कूलमध्ये शिकवते, शुक्र-शनि कुठेतरी गिग. पहिल्या वर्षी मी आपल्या पद्धतीने तिला विचारून बसलो की गाणं जोरात चालायला लागलं तर शिकवणं सोडाल ना, तर ती बघतच राहिली. म्हणाली, का सोडू, मी दोन्हीसाठीच शिकलेय. तेव्हापासून हा किडा डोक्यात आहे, कारण आपल्याकडे क्लास घेणारा म्हणजे स्टेज न मिळालेला असं आपण पटकन ठरवून टाकतो, आणि गंमत म्हणजे गुरूच्या पाया पडणारेही आपणच.

इथे जॅझ तसा जुना आहे. 1926 मध्ये अंदानिया नावाच्या बोटीतून अमेरिकेतले फिनिश वंशाचे वादक हेलसिंकीत उतरले, त्यांनी सॅक्सोफोनवाली नवी धून लोकांना ऐकवली. 1949 ला खुद्द लुई आर्मस्ट्राँग हेलसिंकीत वाजवून गेले. पण शिकायचं कुठे? रेडिओ, रेकॉर्डी आणि डान्स बँड, बस.

इथली गायिका कारोला, तिचं उदाहरण घ्या. कारोला स्टांडर्टशोल्ड, जन्म 1941, हेलसिंकीची, आडनाव सरदार घराण्याचं, पण पोस्टरवर नुसतं कारोला. आवाज खालचा, धुरकट, कितीतरी भाषांत गायची. तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं एका जुन्या स्पॅनिश गिटारच्या धूनवर आहे, म्हणजे जॅझ नाहीच. पब्लिकला पॉप हवं होतं, तिने ते दिलं. 1966 मध्ये पियानोवादक हेइक्की सारमान्तोच्या ट्रिओबरोबर, म्हणजे तिघांच्या बँडबरोबर, तिने जे खरं जॅझ गायलं ते अल्बम म्हणून लोकांच्या हातात आलं 2004 ला, आणि ती गेली 1997 मध्ये, 56 व्या वर्षी. मला ती रेकॉर्डिंग ऐकताना दरवेळी राग येतो, कुणावर ते कळत नाही.

ती गात होती तेव्हा देशात जॅझची शाळा नव्हती, तिच्यामागून आली. 1969 पासून म्युझिक स्कूलना सरकारी पैसे कायद्याने मिळायला लागले. 1972 ला हेलसिंकीच्या ओउलुंक्युला भागात पॉप-जॅझची शाळा निघाली, ती आता अराबियात आहे (दचकू नका, हेलसिंकीतलाच एरिया आहे, कपबशांच्या कारखान्याला नाव या जागेवरूनच पडलंय). आणि 1983 मध्ये सिबेलियस अकादमीत, म्हणजे जिथे व्हायोलिन आणि ऑपेराचं राज्य तिथे, जॅझचा वेगळा विभाग उघडला. बॅचलर्स-मास्टर्स मिळून साडेपाच वर्षं, आणि शिकवायचं कसं हेही त्यातच शिकता येतं. तिथून बाहेर पडलेली पोरं गावोगावच्या म्युझिक स्कूलमध्ये लागतात. फी आपण पालकही भरतो, पण मोठा भार सरकार आणि नगरपालिका उचलतात. 55-56 लाखांच्या देशात नुसती जॅझची तिकिटं विकून किती गायिका जगणार हो, म्हणून शिकवण्याचा पगार असतो तेव्हा शुक्रवारी तिला हवं ते गाता येतं, लग्नाच्या पार्टीत फर्माइशी घ्याव्या लागत नाहीत. कारोलाला हे मिळालं नाही.

आता खरी मजा, म्हणजे शिकवतात काय. एक दिवस मी क्लासबाहेर बसलो होतो, आत अर्धा तास एकाच ओळीवर चाललं होतं. फिनिशमध्ये तुलि म्हणजे आग, तूलि म्हणजे वारा आणि तुल्लि म्हणजे कस्टम. हे रोमनमध्ये लिहिताना ते अक्षरं डबल करतात, पण आपल्या देवनागरीत किती सुंदर बसतं बघा, ह्रस्व-दीर्घासाठी शाळेत कापलेले मार्क इथे येऊन वसूल झाले. पण गाताना पंचाईत ही, की सूर ओढला की आगीचा वारा होतो आणि घाईत वाऱ्याची आग. जॅझमध्ये तर सिंगर मुद्दाम बीटच्या मागेपुढे खेळते, एखादा सूर लांबवते, एखादा खाऊन टाकते, म्हणजे इथे प्रत्येक वेळी अर्थही सांभाळायचा.

दुसरं, फिनिश शब्दाचा जोर कायम पहिल्या अक्षरावर. इंग्रजी गाण्यात ओळीच्या सुरुवातीला द, अ, इन असले हलके शब्द असतात, ते बीटच्या आधी घसरतात आणि मग मोठा शब्द बीटवर आपटतो, स्विंगची, म्हणजे जॅझच्या त्या झुलत्या लयीची, अर्धी मजा तिथेच. फिनिशमध्ये द नाही, अ नाही, आणि "घरात" म्हणायला तालोस्सा हा एकच शब्द, म्हणजे आपल्यासारखाच प्रत्यय शेपटीला. हलकं सगळं मागे, जड पुढे. मग गीतकार "या" म्हणजे आणि, "कुन" म्हणजे जेव्हा, असले बारके शब्द शोधून आणतो. मराठीत जॅझ लिहायला बसलात तर हेच होईल, मी प्रयत्न केलाय, वाचून दाखवणार नाही.

तर त्या दिवशी माझी मुलगी तूलि, म्हणजे वारा, असलेली ओळ गात होती आणि सूर आखडता घेत होती. टीचरने पियानो थांबवला आणि शांतपणे म्हणाली, खिडकी उघड म्हणतेस आणि आत आग येते, असं कसं चालेल? नंतर तिने तीच ओळ स्वतः गाऊन दाखवली, सूर बीटच्या बराच मागे ठेवून, पण ऊ पुरता लांब. तिकीट काढून बसलेल्यांनासुद्धा ती यापेक्षा चांगलं गाऊन दाखवत असेल असं मला वाटत नाही.

ज्यांना मुलांना घालायचंय त्यांनी दूध पिऊन झाल्यावर मला भेटा, गाण्याला वेटिंग लिस्ट असते, आणि क्लासबाहेरची खुर्ची फार कडक आहे, उशी घेऊन जा.